कुर्ल्याची गिरणी आणि घाटावरचे पाणी

मुंबईच्या हार्बर रेल्वेमार्गावर कुर्ल्याच्या अलीकडे चुनाभट्टी नावाचे एक लहानसे स्थानक आहे. नावच सांगते की येथे एके काळी चुन्याच्या भट्ट्या होत्या. सिमेंट येण्यापूर्वी मुंबईत जी बांधकामे झाली, ती चुन्यावरच उभी राहिली. या चुनाभट्टीला लागून एका कापडगिरणीची जागा आहे. गिरणीचे नाव होते ‘स्वदेशी’. विसावे शतक सरता सरता ती बंद पडली. तरीही आज आपण तिची आठवण काढणार आहोत, आणि त्याला कारण आहे.

अलीकडे ‘हरित कारखाना’, ‘स्वच्छ ऊर्जेवर चालणारा कारखाना’ हे शब्द वारंवार कानावर येतात. एखाद्या तालुक्याच्या गावी कारखाना निघतो, छपरावर सौर तक्ते चकाकतात, आणि फाटकावर पाटी लागते : ‘प्रदूषणमुक्त’. गावातला माणूस गुरुजींना विचारतो, “गुरुजी, हे स्वच्छ म्हणजे नेमकं काय हो?” प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर साधे नाही. धूर दिसत नाही एवढ्यावर कारखान्याला स्वच्छ म्हणावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला कुर्ल्याच्या परिसरासारखी शाळा नाही. वाफ, वीज आणि पाणी या तिघांचाही इतिहास या एका उपनगरातून गेलेला आहे.

कुर्ला तेव्हा मुंबई शहरात नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यातले गाव. जवळून मिठी नदी वाहत होती, खाडीकडे मिठागरे होती आणि 1853 साली सुरू झालेला बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग गावाला लागून जात होता. शहरापेक्षा येथे जमीन मोकळी होती. अशा ठिकाणी धरमसी नावाची एक मोठी गिरणी उभी राहिली आणि डबघाईला आली. 1886 साली जमशेटजी टाटांनी ती साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली आणि तिचे नाव ‘स्वदेशी’ ठेवले. वंगभंगाच्या चळवळीने हा शब्द घरोघर पोहोचवला तो 1905 नंतर. त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी कुर्ल्याच्या गिरणीवर तो लिहिला गेला, हे लक्षात ठेवा. कारण हा शब्द पुढे आपल्याला एक अवघड प्रश्न विचारणार आहे.

जुनी यंत्रे हाती घेऊन गिरणी चालवणे सोपे गेले नाही. जमशेटजींची नागपूरची ‘एम्प्रेस’ गिरणी 1877 च्या 1 जानेवारीपासून चालू होती आणि चांगली चालली होती. तिथली अनुभवी माणसे कुर्ल्याला आणावी लागली. पण आपल्याला आज नफातोट्याचा हिशेब करायचा नाही. आपल्याला पाहायची आहे ती इमारत.

त्या काळची गिरणी म्हणजे एका यंत्राभोवती बांधलेले घर. तळाशी बॉयलर, शेजारी वाफेचे इंजिन. इंजिनाची शक्ती जाड दोरांनी मजल्या-मजल्यावर न्यायची, तिथे छताखाली फिरणाऱ्या लांब शाफ्टवर चढवायची, आणि शाफ्टवरून पट्ट्यांनी प्रत्येक साच्याला पोहोचवायची. शाफ्ट जितका लांब, तितकी शक्ती घर्षणात वाया जाणार. म्हणून सगळी यंत्रे इंजिनाच्या जवळ, एकावर एक मजले चढवून बसवीत. सूतकताई होत असे ती अशा उंच, भरगच्च इमारतीत. माणसाला हवा किती मिळेल हा विचार नंतरचा, आधी पट्टा कुठून जाईल ते पाहायचे! कारखान्याची शक्ती कोणती यावर कारखान्याचे घर कसे होणार हे ठरते, हा आपला पहिला धडा.

मात्र विणकामाच्या खात्याची बांधणी वेगळी होती. मागाचा हादरा मोठा, म्हणून माग जमिनीवरच बसवावे लागत. विणकऱ्याला तुटलेला एक धागासुद्धा दिसला पाहिजे. त्यासाठी करवतीच्या दात्यांसारखे छप्पर करीत. दात्याची एक बाजू उतरती आणि बंद, दुसरी बाजू जवळजवळ उभी आणि काचेची. काचेची बाजू उत्तरेकडे ठेवायची. उत्तरेकडून ऊन आत येत नाही, फक्त आकाशाचा शांत, सारखा उजेड येतो. त्यात डोळे दिपत नाहीत आणि हाताची सावलीही कामावर पडत नाही.

ही रीत इंग्लंडातल्या लँकशायरहून आली. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेलाच असतो. आपल्याकडे तसे नाही. मुंबई 19 अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य मुंबईच्या किंचित उत्तरेला सरकतो. शिक्षक बंधूंनी मुलांकडून एक काठी अंगणात रोवून दुपारची सावली मोजून घ्यावी, मुलांना हे पुस्तकाविना कळेल. सुदैवाने त्या दिवसांतला बराचसा भाग पावसाळी ढगांचा असतो, म्हणून उत्तरेचा उजेड येथेही उपयोगी पडला. पण मुद्दा लक्षात घ्या. दुसऱ्या देशाचे छप्पर आणायचे तर आपला सूर्य आधी पाहून घ्यावा लागतो.

तर असा हा दिवसाच्या उजेडावर चालणारा कारखाना. सूर्य हेच त्याचे घड्याळ. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती यांबरोबर त्यांत एक मागणी अशी होती : काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली. सूर्यास्ताची मर्यादा मात्र टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस लांबला. अंधार पडला तरी साचे थांबेनात. तेरा-तेरा, चौदा-चौदा तास काम होऊ लागले. त्यावर ओरड झाली, चौकशी झाली आणि 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला बारा तासांची हद्द घातली. विजेचा दिवा स्वतः धूर करीत नाही हे खरे. पण तो कुणासाठी किती वेळ जळावा हे दिवा ठरवत नाही, माणसे ठरवतात.

धूर मात्र होताच. गिरण्यांच्या चिमण्या दिवसरात्र कोळशाचा धूर ओकीत. तो इतका वाढला की 1912 साली मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध खास कायदा करावा लागला. कोळसा मुंबईच्या जवळ कुठेच निघत नाही. तो समुद्रावरून किंवा दूर बंगालच्या खाणींतून आणायचा आणि गिरणीत जाळायचा. मग दुसरी शक्ती कोणती?

या प्रश्नाचे उत्तर प्रथम सुचले ते एका वास्तुविशारदाला. डेव्हिड गॉसलिंग हे मुंबईत इमारती बांधणारे गृहस्थ. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अपरंपार पडतो आणि पश्चिमेला कडा एकदम तुटतो. माथ्यावर पाणी अडवले आणि नळांतून कोकणात सोडले, तर त्या पडण्यातून वीज होईल, ही कल्पना त्यांनी जमशेटजींपुढे ठेवली. जमशेटजी 1904 साली वारले. पुढे त्यांचे पुत्र दोराबजी यांनी काम चालवले. 1910 साली कंपनी स्थापन झाली. भांडवल हिंदी लोकांनी आणि संस्थानिकांनी उभे केले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी साठवले. तेथून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीला ते नळांतून आणले. 1915 च्या फेब्रुवारीत खोपोलीचे वीजघर सुरू झाले, आणि ही वीज तारांवरून परळला आली. एकामागून एक गिरण्या या विजेवर आल्या. सुताला खळ लावायला, कापड रंगवायला वाफ लागतेच, त्यामुळे चिमण्या एकदम गेल्या नाहीत. पण यंत्रे फिरवणारे इंजिन गेले.

आणि इंजिन गेले तशी इमारतीची बेडी सुटली. आता प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर देता येऊ लागली. शाफ्ट नको, पट्टे नकोत, मजल्यांवर मजले नकोत. यंत्रे ऐसपैस मांडा, मधून माणसाला चालू द्या, चारी बाजूंनी हवा खेळू द्या. पाण्याच्या विजेने कारखान्याचा धूर तर कमी केलाच, पण चांगले घर बांधण्याची मुभाही दिली. ती मुभा सर्वांनी घेतली असे नाही. उलट, वीज हाताशी आहे म्हणून पुष्कळ कारखान्यांनी खिडक्याच मिटल्या. उजेड दिव्याचा, वारा पंख्याचा. बाहेर लख्ख ऊन आणि आत दिवे, असा प्रकार आपण आजही पाहतो.

आता गोष्टीची दुसरी बाजू ऐका. ती ऐकल्याशिवाय हा इतिहास अर्धाच राहील.

खोपोलीनंतर 1922 साली भिवपुरीचे वीजघर झाले. तिसरे ठरले भिऱ्याचे, आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यात मुळशीला मुळा नदीवर धरण बांधायचे होते. मुळशी पेटा म्हणजे मावळ. शिवाजी महाराजांना ज्या मातीने मावळे दिले ती ही माती, आणि आंबेमोहर तांदळाची ही खाचरे. धरणाच्या पाण्याखाली पन्नासच्या वर गावांची जमीन जाणार होती. सरकारने 1894 च्या भूसंपादन कायद्याचा आधार कंपनीला दिला. शेतकऱ्याला विचारले कुणी? 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. बायामाणसे तुरुंगात गेली. लढा 1924 पर्यंत चालला. अखेरीस बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. 1927 साली भिऱ्याचे वीजघर चालू झाले आणि गावे पाण्याखाली गेली.

येथे तो ‘स्वदेशी’ शब्द आपल्याला विचारतो. गिरणी स्वदेशी, भांडवल स्वदेशी, पाऊसही आपलाच. आणि बुडाला तोही आपलाच शेतकरी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. टाटांची वीज वाईट होती असे मी म्हणत नाही. कोळसा न जाळता झालेल्या त्या विजेने लक्षावधी लोकांना काम दिले. खोपोली, भिवपुरी आणि भिरा ही तिन्ही वीजघरे आजही चालू आहेत, आणि मिळून त्यांची शक्ती साडेचारशे मेगावॅटच्या जवळपास आहे. शंभर वर्षे टिकणारी शक्ती म्हणतात ती हीच. पण ज्या विजेला धूर नाही तिलाही किंमत असते, आणि ती किंमत दूर कुठे तरी कुणी तरी मोजलेली असते. कारखान्याच्या फाटकावरच्या पाटीत त्या माणसाचे नाव नसते.

पुन्हा कुर्ल्याला येऊ. 3 फेब्रुवारी 1925 रोजी हिंदुस्थानातली विजेवर चालणारी पहिली आगगाडी धावली, ती मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत. गाडीचा धूर गेला, ठिणग्या गेल्या, लोकांना नवल वाटले. परंतु चारच वर्षांनी, 1929 साली, रेल्वेने विजेसाठी ठाकुर्लीला स्वतःचे वीजघर उभारले आणि ते कोळशावर चालणारे होते. म्हणजे कुर्ल्याच्या फलाटावर धूर नव्हता, तो ठाकुर्लीला निघत होता! धूर नाहीसा झाला नाही, त्याने फक्त जागा बदलली. पुढे 1956 साली तुर्भ्याचे औष्णिक वीजघर सुरू झाले आणि मुंबईची विजेची भूक जसजशी वाढली तसतसा तिच्यात जळणाच्या विजेचा वाटा वाढत गेला. म्हणून कुणी ‘आमचा कारखाना विजेवर चालतो’ असे सांगितले की विचारावे, “वीज कशावर चालते?”

मग उपाय काय? एक उपाय जुन्या गिरणीच्या छपरातच दडलेला आहे. सर्वांत स्वच्छ वीज कोणती? जी लागलीच नाही ती. तिच्यासाठी खाण खणावी लागत नाही, कुणाचे खाचर बुडवावे लागत नाही. आणि अशी वीज वाचवण्याचे काम इंजिनियरच्या आधी गवंडी करतो.

एक सोपा हिशेब करू. एका शेडमध्ये वीस वॉटचे 40 दिवे आहेत. दिवसाचे आठ तास ते जळतात. रोजचे 6.4 युनिट झाले. वर्षाचे 300 दिवस धरले तर 1,920 युनिट. कोळशाच्या वीजघरात एका युनिटमागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. म्हणजे उत्तरेकडे काचा बसवल्या असत्या तर वर्षाला सुमारे टनभर कोळसा जमिनीतच राहिला असता. ही फक्त दिव्यांची गोष्ट. उन्हाची गोष्ट याहून मोठी आहे. आपल्या अक्षांशावर सर्वांत अधिक ऊन झेलते ते छप्पर, आणि त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. म्हणून इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे अरुंद भिंतीच उन्हाला तोंड देतात. पत्र्याला पांढरा लेप द्यावा, किंवा दुहेरी छप्पर करून मधून वारा जाऊ द्यावा. गरम हवा वर चढते, तिला बाहेर जायला आढ्याशी झरोके ठेवावेत, आणि थंड हवा खालून येऊ द्यावी. पश्चिमेला पडवी करावी, झाडे लावावीत. यातले नवीन काय आहे? आपल्या आजोबांनी बांधलेल्या कौलारू घराला हे सारे ठाऊक होते. 1948 च्या कारखाना कायद्यानेही नव्या कारखान्यात दर कामगारामागे 14.2 घनमीटर हवेची जागा, वायुवीजन आणि पुरेसा उजेड यांची सक्ती केली होती. कायद्याला जे सक्तीने करवून घ्यावे लागले, ते चांगला बांधणारा न सांगता करतो.

आता करवतीच्या छपराकडे पुन्हा पाहा. उत्तरेची बाजू काचेची, ती उजेड देते. दक्षिणेची उतरती बाजू इतकी वर्षे नुसती तापत होती. सौर तक्त्यांना आपल्याकडे हवी असते ती नेमकी दक्षिणेची उतरती बाजू! जुन्या छपराच्या एका बाजूने उजेड घ्यावा आणि दुसऱ्या बाजूने वीज. एक किलोवॉटच्या तक्त्यांना सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि ते दिवसाला सरासरी चार युनिट देतात, पावसाळ्यात कमी. दहा हजार चौरस फूट तक्ते बसले तर रोज सुमारे चारशे युनिट झाले. आणि या विजेसाठी कुणाची जमीन घ्यावी लागली नाही, छप्पर तर बांधायचेच होते.

छपराला तिसरेही काम आहे, पाण्याचे. कुर्ल्याच्या भागात वर्षाला दोन मीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दहा हजार चौरस फुटांवर वर्षाला अठरा लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. ते टाकीत साठवावे, जमिनीत मुरवावे. नाही तर ते नाल्यात जाते, आणि नाला मिठीला मिळतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी फुगली आणि कुर्ल्यातल्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. नदीचे पात्र आवळले, खाडीकडच्या पाणथळ जागा भरल्या, आणि पाण्याने आपली जुनी वाट शोधली. ज्या कारखान्याच्या छपरावर वीज होते पण ज्याचे घाण पाणी नदीत जाते, त्याला अर्धाच स्वच्छ म्हणावे लागेल.

तुमच्या गावाशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध आहे. आज विजेसाठी पुन्हा जमीन लागते आहे, या वेळी सूर्याच्या विजेसाठी. महाराष्ट्रात शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनीची योजना 2017 साली सुरू झाली. 2023 साली तिच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले. मुळशीच्या मानाने हा फरक मोठा आहे. येथे जमीन बुडत नाही आणि मालकी जात नाही. ही सुधारणा आहे, आणि ती मुळशीच्या माणसांनी सोसले म्हणून आपल्याला सुचली, असे मला वाटते. तरी एक गोष्ट पाहिली पाहिजे. या योजनेत गावाची गायराने आणि सरकारी जमिनीही घेतल्या जातात. सातबारावर ज्याचे नाव आहे त्याला भाडे मिळेल. पण गायरानावर ज्याची चार शेरडे चरतात त्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते. त्याचा विचार ग्रामसभेत आधी झाला पाहिजे, कुंपण घातल्यावर नव्हे.

तेव्हा उद्या तुमच्या शिवारात स्वच्छ ऊर्जेचा कारखाना आला, तर त्याचे स्वागत जरूर करा. पोरांना काम हवे आहे आणि हवाही चांगली हवी आहे. पण कुर्ल्याच्या इतिहासाने शिकवलेले तीन प्रश्न मात्र विचारा. वीज कुठून येते? इमारत उजेड, वारा आणि पाऊस यांचा उपयोग करते की त्यांना बाहेर ठेवते? आणि या विजेसाठी कुणी काय सोडले, व त्याला काय मिळाले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इंजिनियर देईल, दुसऱ्याचे गवंडी. तिसऱ्याचे उत्तर मात्र गावालाच मिळवावे लागते, आणि ते कारखान्याचा पाया खणण्यापूर्वी मिळवलेले बरे.